चारा असेल तितक्याच गाई : ट्योर्बेल या स्विस डोंगरगावच्या गायरान-संस्थेचा इतिहास

संयुक्त राष्ट्रांनी २०२५ हे आंतरराष्ट्रीय सहकार वर्ष म्हणून जाहीर केले. त्या निमित्ताने निघणाऱ्या या स्मरणिकेत ज्या संस्थांचे इतिहास आले आहेत, त्यांच्याकडे नोंदणीचा दाखला आहे, पहिल्या संचालक मंडळाचे छायाचित्र आहे, कोनशिला आहे. मी जिचा इतिहास सांगणार आहे तिच्याकडे यातले काहीच नाही. तिच्याकडे एक करार आहे आणि करारावर तारीख आहे : १ फेब्रुवारी १४८३. त्या दिवशी आल्प्स पर्वतातल्या ट्योर्बेल नावाच्या लहानशा गावचे रहिवासी एकत्र बसले. डोंगरावरचे कुरण, जंगल आणि पडीक रान यांचा वापर नीट व्हावा म्हणून त्यांनी आपली एक मंडळी कायम केली आणि तिची कलमे लिहून काढली. सहकाराचा इतिहास आपण इंग्लंडमधल्या रॉचडेलच्या विणकरांपासून, म्हणजे १८४४ पासून सांगतो. ट्योर्बेलचा करार त्याच्या ३६१ वर्षे आधीचा आहे.

गाव कुठे आहे ते आधी सांगतो, कारण या संस्थेचा प्रत्येक नियम तिथल्या जमिनीतून उगवलेला आहे. स्वित्झर्लंडच्या नैऋत्येला वालिस हे कँटन आहे. ऱ्होन नदी त्याच्या मधून वाहते. त्याचा खालचा भाग फ्रेंच बोलतो, वरचा भाग जर्मन. वरच्या भागात फिस्प हे शहर लागते. तिथून नदीकाठाने दक्षिणेला वर निघाले की स्टाल्डेन येते. स्टाल्डेनला दोन नद्यांचा संगम आहे. एक झासच्या खोऱ्यातून येते, दुसरी मॅटरहॉर्नच्या पायथ्याकडून. मॅटरहॉर्न पाहायला निघालेले जगभरचे प्रवासी इथूनच झेरमाटकडे जातात. त्या वाटेच्या उजव्या हाताला एक चढा उतार आहे. स्टाल्डेनपासून सुमारे सातशे मीटर वर, समुद्रसपाटीपासून साधारण १,५०० मीटरवर, काळपट पडलेल्या लाकडी घरांची दाटी दिसते. ते ट्योर्बेल. गावकरी आपल्या बोलीत त्याला टेर्बिल म्हणतात. वस्ती पाचशेच्या आसपास.

भोवती चार-चार हजार मीटरांची शिखरे उभी आहेत. त्यातले समोरच्या मिशाबेल रांगेतले डोम ४,५४५ मीटरांचे. ढग या भिंतींना बाहेरच्या बाजूने टेकतात आणि तिथेच रिते होतात. आत खोऱ्यात उरतो तो कोरडा वारा. स्टाल्डेनच्या परिसरात वर्षाला जेमतेम साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडतो. साऱ्या स्वित्झर्लंडमध्ये सर्वांत कोरडा म्हणून हा टापू ओळखला जातो. आपण ज्याला पर्जन्यछाया म्हणतो तीच ही. आल्प्स म्हटले की डोळ्यांपुढे हिरवागार, पाझरता डोंगर येतो. ट्योर्बेलचा उतार तसा नाही. पाणी आणून दिले तर तो हिरवा होतो, नाहीतर जूनमध्येच गवत करपते. ऊन मात्र भरपूर. कृषितज्ज्ञ फ्रीडरिख गोटलीब श्टेब्लर यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या गावांवर पुस्तक लिहिले, त्याच्या नावातच त्यांनी या भागाला फिस्प खोऱ्यातले ‘उन्हाचे डोंगर’ म्हटले आहे.

अशा उतारावर शेती आडवी पसरत नाही, उभी चढते. अगदी खाली, नदीच्या बाजूला, द्राक्षमळे. त्याच्या वर राय या धान्याची, आणि पुढे बटाट्याची, वाफ्याएवढी शेते. गावाभोवती गवताची कुरणे. यांतले गवत कापून, वाळवून हिवाळ्यासाठी साठवायचे. त्यावर लार्च आणि स्प्रूसचे जंगल. आणि जंगल संपते तिथे, दोन हजार मीटरांच्या पुढे, उन्हाळी चराई. या उंचावरच्या चराईलाच तिथे ‘आल्प’ म्हणतात. आपण आल्प्स म्हणतो तेव्हा शिखरे डोळ्यांपुढे आणतो. गावकऱ्यांच्या तोंडी आल्प म्हणजे गाई चरतात ती जागा. घराला जगायचे तर या प्रत्येक पायरीवर काहीतरी हवे. म्हणून कुटुंब वर्षभर चढत-उतरत राही. वसंतात द्राक्षांच्या छाटणीला खाली, मग शेतावर, मग गवत कापायला, शरदात पुन्हा द्राक्षतोडणीला खाली. एकाच कुटुंबाची कोठारे आणि गोठे डोंगरभर विखुरलेले असत.

आता संस्थेकडे येतो. गावच्या जमीनव्यवहाराचा लेखी पुरावा १२२४ पासून मिळतो. म्हणजे १४८३ च्या आधी अडीचशे वर्षे इथे खरेदी-विक्री होत होती, वाटण्या होत होत्या, खासगी मालकी म्हणजे काय हे लोकांना चांगले ठाऊक होते. हे लक्षात ठेवणे मला फार महत्त्वाचे वाटते. सामाईक मालमत्ता ही मागासलेल्या, मालकी न उमगलेल्या लोकांची व्यवस्था असते असे पुष्कळांनी लिहून ठेवले आहे. ट्योर्बेलकरांनी दोन्ही प्रकार शेजारी-शेजारी ठेवले आणि शतकानुशतके दोन्ही चालवले. गवताचे कुरण, शेत, द्राक्षमळा, परसबाग खासगी. उंचावरची चराई, जंगल, पडीक रान, पाण्याचे पाट आणि वाटा-रस्ते सामाईक.

१४८३ च्या कलमांनी आधी सभासद कोण ते ठरवले. बाहेरच्या माणसाने गावात जमीन विकत घेतली तरी तेवढ्याने त्याला चराईचा, पडीक रानाचा किंवा लाकूडतोडीचा हक्क मिळणार नाही, असे त्यात स्पष्ट आहे. जमीन पैशाने मिळे. सामाईकातला हक्क गावाने दिला तरच मिळे. परक्याला आपल्यात घ्यायचे की नाही हे जुन्या हक्कदारांनी ठरवायचे. १५०७ च्या एका दस्तात सामाईक जमिनीच्या हद्दी नोंदल्या आहेत. त्यामुळे सभासद कोण आणि मालमत्ता कुठवर, या दोन्ही गोष्टी पक्क्या झाल्या. तिसरी गोष्ट १५१७ साली आली, आणि माझ्या मते या संस्थेचे सारे मर्म तिच्यात आहे.

नियम एका वाक्याचा आहे. हिवाळ्यात जितक्या गाई पोसता येतील त्याहून जास्त गाई कोणत्याही गावकऱ्याने उन्हाळ्यात आल्पवर पाठवायच्या नाहीत.

या वाक्यापाशी थोडे थांबू या. आल्पवरची चराई सहा-सात महिने बर्फाखाली असते. जूनच्या अखेरीस ती उघडते आणि सप्टेंबरमध्ये संपते. या तीन महिन्यांत गवत फुकट असते. ज्याच्या हाती चार पैसे आहेत त्याला मोह होणारच : वसंतात बाहेरून गाई विकत आणाव्यात, उन्हाळाभर गावच्या गवतावर फुगवाव्यात आणि बर्फ पडायच्या आत विकून टाकाव्यात. असे दहा जणांनी केले की चराई उजाड. १५१७ च्या नियमाने ही वाट बंद केली. हिवाळाभर गोठ्यात उभी असलेली गायच उन्हाळ्यात वर जाऊ शकते. आणि हिवाळ्यात गाय पोसायची तर कोठारात वाळले गवत हवे. ते हवे तर स्वतःच्या कुरणाला पाणी द्यायला हवे, शेणखत पाठीवरून वाहून न्यायला हवे, उभ्या उतारावर विळ्याने कापणी करायला हवी. सामाईकातला वाटा अशा रीतीने खासगी कष्टाला बांधला गेला.

शिवाय हे मोजमाप कोणाला लपवता येत नाही. कोणाच्या गोठ्यात किती जनावरे आहेत आणि कोणाचे कोठार किती भरले आहे, हे पाचशे वस्तीच्या गावात फेब्रुवारी महिन्यात सगळ्यांना ठाऊक असते. तपासनीस नेमायची, कागद रंगवायची गरजच फारशी उरत नाही. ज्यांनी कधी संस्थेचे दप्तर सांभाळले आहे त्यांना याची किंमत कळेल. चांगला नियम तो, जो मोडला हे शेजाऱ्याला घरबसल्या दिसते.

तरी मोडणारे असतातच. त्यासाठी गेवाल्टहाबर नावाचा एक गावकामगार नेमलेला असे. नावाचा शब्दशः अर्थ अधिकार धारण करणारा. कोणी हिश्शापेक्षा जास्त गाई वर नेल्या तर तो दंड करी, आणि दंडाची अर्धी रक्कम त्याला स्वतःला मिळे. वाचणाऱ्याला हे खटकेल. मलाही पहिल्यांदा खटकले. पण त्याचा दंड ज्याच्यावर बसणार त्याच्याच पंक्तीला त्याला रविवारी चर्चमध्ये बसायचे होते. आपल्याच माणसाकडून दंड वसूल करणे हे जगातल्या कुठल्याही संस्थेत सर्वांत नकोसे काम. वाईटपणा घेणाऱ्याला गावाने त्याचा मोबदला दिला आणि तो उघडपणे नियमात लिहिला.

वर गाई चढवण्याचा दिवस हा गावचा मोठा दिवस. गाई आल्पवर पोचल्या की त्यांची लगेच मोजदाद होई, कारण हंगामाच्या शेवटी चीजची वाटणी याच आकड्यावर व्हायची. गाई घरोघरच्या, पण वर गेल्यावर कळप एक. गुराखी आणि चीज करणारा माणूस मंडळीने पगारी ठेवलेला. उन्हाळ्यात गावातले हात गवतकापणीत गुंतलेले असतात. प्रत्येक घराने आपापल्या तीन-चार गाईंमागे वर एक माणूस ठेवायचा म्हटले तर खाली हिवाळ्याचा चारा कोण कापणार? एकत्र कळपाने ही अडचण सुटली. वाटणीच्या दिवशी चीजच्या चकत्या खाली येत, आणि ज्याच्या जितक्या गाई तितका त्याचा वाटा.

जबाबदारीही त्याच मापाने. आल्पच्या मंडळीत जनावरे असलेले सारे गावकरी सभासद. वर्षातून एकदा सभा. सभेत कारभारी निवडायचे, वरच्या कामासाठी माणसे ठरवायची, दंडाचे निर्णय करायचे, शेणखत चराईवर कसे पसरायचे ते ठरवायचे. हिवाळ्यात हिमलोटाने कुंपण किंवा झोपडी मोडली असेल, पायवाट वाहून गेली असेल, तर ती दुरुस्त करायला श्रमदान. कोणाच्या किती गाई वर गेल्या त्या प्रमाणात कोणी किती दिवस काम करायचे, किंवा तेवढे पैसे भरायचे, हे ठरे.

जंगलाचा हिशेब मात्र निराळा, आणि त्या निराळेपणात या लोकांचा विचार दिसतो. घरासाठी आणि सरपणासाठी कोणती झाडे तोडायची त्यांवर गावचे कारभारी आधी खुणा करत. मग घरांचे गट पाडून त्या झाडांच्या चिठ्ठ्या काढत. गाईंच्या हिश्शाचा इथे संबंध नाही. थंडी श्रीमंताला आणि गरिबाला सारखीच वाजते. शिवाय गावाच्या वरचे जंगल हे नुसते लाकूड नव्हे. वरून सुटणारा हिमलोट अडवणारी ती भिंत आहे. स्विस संघराज्याने डोंगरी जंगलांच्या रक्षणाचा कायदा १८७६ साली केला. तोवर या गावांनी आपले रान आपणच राखले होते.

पाण्याची गोष्ट सर्वांत गुंतागुंतीची. वालिसमध्ये डोंगरउतारावरून पाणी आणणाऱ्या पाटांना सुओने म्हणतात. काही ठिकाणी हे पाट उभ्या कड्याला लाकडी पन्हळी टांगून नेले आहेत. त्यांची दुरुस्ती करताना माणसे मेली आहेत. ट्योर्बेलला आउग्स्टबोर्डच्या दरीतून पाणी आणावे लागे. पाट सामाईक, पण पाण्याची पाळी कुरणाला जोडलेली, आणि पाळी वारसाने मिळणारी. पिढ्यान्‌पिढ्या वाटण्या होत गेल्या तसतशा पाळ्यांच्याही फोडी होत गेल्या. रॉबर्ट नेटिंग हे अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ या गावात राहिले, तेव्हा त्यांनी पाटाची पूर्ण व्यवस्था समजून घ्यायचा प्रयत्न केला. त्यांना गावात एकही माणूस असा भेटला नाही ज्याला ती संपूर्ण ठाऊक होती. प्रत्येकाला आपली पाळी पक्की माहीत होती, आपल्या आधीचा कोण आणि नंतरचा कोण हे माहीत होते. बस्स. आणि एवढ्यावर पाणी शतकानुशतके वाटले जात होते. १९७४ साली त्यांनी यावर लेख लिहिला आणि त्याला ‘कोणालाच ठाऊक नसलेली व्यवस्था’ अशा अर्थाचे नाव दिले. पाटकऱ्याशी ज्यांचा संबंध आला आहे ते वाचक या नावातला आदर ओळखतील.

हक्क आणि पाळ्या नोंदवायला कागदच लागे असे नाही. वरच्या वालिसमध्ये टेसल म्हणून लाकडाच्या पट्ट्या वापरत. प्रत्येक घराण्याची एक खूण असे, काही रेघा, काही खाचा. ती पट्टीवर कोरायची. कोणाचे किती गाय-हक्क, कोणाची किती पाणी-पाळी, रानाच्या राखणीला कोणाचा नंबर, हे सारे या लाकडांवरून कळे. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसालाही आपल्या संस्थेचा हिशेब हातात घेऊन तपासता येत होता.

खासगी मालमत्तेचे मात्र तुकडे पडत गेले. इथे वारसा सर्व मुलांना सारखा, मुलग्यांना तसा मुलींनाही. न्याय्य व्यवस्था, पण तिचा परिणाम आपल्याला सांगायला नको. शेताच्या पट्ट्या झाल्या. घरांचे मजले वाटले गेले, एका छपराखाली दोन-तीन कुटुंबे वर-खाली राहू लागली. धान्याच्या कोठारांतही हिस्से पडले. ही कोठारे पाहण्यासारखी असतात : लार्चच्या ओंडक्यांची, उन्हाने काळी झालेली, लाकडी पायांवर उभी. प्रत्येक पाय आणि कोठाराचा तळ यांच्यामध्ये एक मोठी गोल, सपाट शिळा ठेवलेली, म्हणजे उंदीर पाय चढून आला तरी शिळेखाली अडतो. त्यात राय साठवायची. रायची भाकरीसारखी जड पावे वर्षातून मोजक्याच वेळा भाजत आणि महिनोन्‌महिने वाळवून खात. वालिसच्या या रायपावाला २००४ पासून भौगोलिक मानांकनाचे संरक्षण आहे.

आल्प मात्र कोणी फोडली नाही. का, याचे उत्तर नेटिंग यांनी नीट मांडले आहे. उंचावरच्या जमिनीच्या एका तुकड्यातून मिळणारे उत्पन्न थोडे आणि बेभरवशाचे. एका वर्षी एका अंगाला गवत येते, दुसऱ्या वर्षी दुसऱ्या. खत-पाणी घालून ती फारशी सुधारतही नाही. उपयोगी पडायला ती मोठीच असावी लागते, आणि तिच्या वाटा, कुंपणे, झोपड्या राखायला पुष्कळ माणसे लागतात. अशी जमीन वाटून घेतली तर प्रत्येकाच्या हाती निरुपयोगी तुकडा येईल. गावालगतचे कुरण याच्या अगदी उलट. तिथे कष्ट घालू तितके गवत वाढते, म्हणून ते घरोघरचे.

या व्यवस्थेची किंमतही सांगितली पाहिजे. गौरवग्रंथात ती झाकण्याची प्रथा आहे, पण झाकली तर इतिहास खोटा होईल. गवत वाढत नव्हते, म्हणून माणसेही वाढू देता येत नव्हती. लग्ने उशिरा होत. कित्येक स्त्री-पुरुष जन्मभर अविवाहित राहत, भावाच्या किंवा बहिणीच्या घरात राबत. मुलांमध्ये अंतर मोठे. पुष्कळांनी गाव सोडले. आणि बाहेरच्याला दार बंद. चर्चच्या जन्म-विवाह-मृत्यूच्या वह्या नेटिंग यांनी तपासल्या, तेव्हा विसाव्या शतकात गावात दिसणारी बहुतेक घराणी १७०० च्या आधीपासूनचीच निघाली. संस्था टिकली याचे एक कारण तिचे शहाणे नियम आहेत आणि दुसरे कारण तिने ज्यांना आत घेतले नाही ती माणसे आहेत. यातले एक सांगून दुसरे गाळणे मला पटत नाही.

स्त्रियांचे काय, हा प्रश्न मनात येतोच. कुरणाचा वारसा त्यांना मिळत होता, विळा त्यांच्याही हातात होता. पण देशपातळीवर मतदानाचा हक्क स्विस स्त्रियांना १९७१ साली मिळाला. गावाच्या वर मोसाल्प ही खिंड आहे. तिच्या पलीकडे याच डोंगराच्या दुसऱ्या अंगाला उंटरबेख नावाचे गाव आहे. तिथल्या गावकारभाऱ्यांनी ३ मार्च १९५७ रोजी आपल्या अधिकारात स्त्रियांना मत देऊ दिले. प्रश्न स्त्रियांना नागरी संरक्षण सेवेत सक्तीने घेण्याचा होता. ज्यांच्यावर सक्ती यायची त्यांनाच विचारा, एवढेच गावाचे म्हणणे. ३३ स्त्रियांनी मत टाकले. ती मते वेगळ्या पेटीत ठेवली गेली आणि वरच्या सरकारने ती धरली नाहीत. पण स्वित्झर्लंडमध्ये स्त्रियांनी पहिल्यांदा मत टाकले ते अशा डोंगरगावात, हे मला नोंदवावेसे वाटते.

राजकीय इतिहास थोडक्यात सांगतो, कारण या संस्थेला त्याने फारसे हलवले नाही. वालिसवर सिऑनच्या बिशपांची सत्ता होती. वरच्या वालिसमधल्या लोकांनी हळूहळू ती आपल्याकडे ओढून घेतली. १३८८ मध्ये फिस्पला शेजारच्या सव्हॉय राज्याच्या सैन्याचा पराभव झाला. १७९८ मध्ये फ्रेंच आले, १८१० ते १८१३ या काळात हा प्रदेश फ्रान्सचाच एक जिल्हा झाला, आणि १८१५ मध्ये वालिस स्विस संघराज्यात कँटन म्हणून सामील झाले. राज्ये बदलली, गाई जूनमध्ये वर जात राहिल्या. अठराव्या शतकाच्या अखेरीस आलेल्या बटाट्याने मात्र गावावर राजांपेक्षा जास्त परिणाम केला. त्याच जमिनीत जास्त तोंडे भरू लागली, लोकसंख्या वाढू लागली, आणि एकोणिसाव्या शतकात जमिनीवरचा ताण असह्य झाला. २५ जुलै १८५५ रोजी फिस्प-स्टाल्डेन परिसराला भूकंपाचा मोठा धक्का बसला. याच सुमाराला वरच्या वालिसमधली कुटुंबे अर्जेंटिनाच्या सांता फे प्रांतात जाऊन वसू लागली.

फिस्प ते झेरमाट रेल्वे १८९०-९१ मध्ये झाली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात फिस्पला लोन्झा कंपनीचा रसायन कारखाना उभा राहिला. डोंगरगावांतल्या पुरुषांना कारखान्यात पाळीचे काम मिळाले. ते सकाळी खाली उतरत आणि संध्याकाळी येऊन गवत कापत. अर्धे कामगार, अर्धे शेतकरी. उरलेले काम बायका, मुले, म्हातारे ओढत. रोख पैसा आला, रस्ता आला, आणि राय पिकवण्याची निकड संपली. शेते गवताखाली गेली. गाईंची संख्या उतरू लागली.

नेटिंग १९७० साली गावात आले ते या उतरणीच्या काळात. त्याआधी त्यांनी नायजेरियातल्या कोफ्यार शेतकऱ्यांचा अभ्यास केला होता. ट्योर्बेलवरचे त्यांचे पुस्तक १९८१ मध्ये निघाले. त्या दिवसांत जगात एका निबंधाचा फार बोलबाला होता. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये लिहिले होते की सामाईक चराईवर प्रत्येक गुराखी आणखी एक, आणखी एक जनावर सोडणार, आणि चराईचा नाश अटळ आहे. उपाय दोनच, एकतर खासगी मालकी किंवा सरकारचा अंमल. ट्योर्बेलकरांनी त्याच ‘आणखी एका जनावरा’चा विचार ४५१ वर्षे आधी केला होता आणि तिसरा उपाय लिहून ठेवला होता. नेटिंग राहिले तेव्हाही १५१७ चा नियम पाळला जात होता.

नेटिंग यांचे हे काम एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी उचलले. १९९० च्या त्यांच्या ग्रंथात, दीर्घकाळ टिकलेल्या सामाईक संस्थांची उदाहरणे सुरू होतात ती ट्योर्बेलपासून. त्यानंतर जपानची गावे, स्पेनमधले कालवे, फिलिपिन्सचे पाट. स्पष्ट हद्दी, कष्ट आणि लाभ यांचे प्रमाण, नियम करण्यात वापरणाऱ्यांचा सहभाग, आपल्यातलाच राखणदार, चढत जाणारा दंड अशी जी सूत्रे त्यांनी मांडली, त्यांतली बरीचशी या गावच्या दप्तरात सापडतात. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. नेटिंग तो दिवस पाहायला नव्हते. ते १९९५ मध्ये वारले.

आज गाव शांत आहे. बरेच लोक फिस्पला कामाला जातात. त्याच लोन्झा कारखान्यात २०२०-२१ मध्ये मॉडर्ना लसीतला मुख्य घटक तयार झाला. मोसाल्पवर उन्हाळ्यात चालायला आणि हिवाळ्यात घसरगुंडीला पाहुणे येतात. जुनी कोठारे आणि इमारती जपण्यासाठी गावकऱ्यांनी ‘उर्खिग्स टेर्बिल’ नावाची संस्था काढली आहे. आल्पवर किती जनावरे किती दिवस चरावीत याची मर्यादा आता संघराज्याच्या नियमांनुसार कँटन ठरवते आणि त्यानुसार अनुदान मिळते. आउग्स्टबोर्डच्या रानात २०१६ मध्ये लांडग्यांचा कळप नोंदला गेला, आणि मेंढ्या वर सोडायच्या की नाही हा वाद घरोघरी पोचला. डिसेंबर २०२३ मध्ये युनेस्कोने स्वित्झर्लंडचा आल्प-हंगाम आणि पारंपरिक पाटपाण्याची पद्धत, दोन्ही मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतल्या.

एक शेवटची नोंद. स्विस माणूस आधी एखाद्या गावचा नागरिक असतो, त्यातून कँटनचा आणि त्यातून देशाचा. पारपत्रावर त्याचे जन्मस्थळ छापत नाहीत, मूळगाव छापतात. त्यामुळे आजोबा डोंगर उतरून बाझेलला गेले, नातू तिथेच जन्मला, तिथेच वाढला, तरी त्याच्या पारपत्रात ट्योर्बेल असते. त्याच्या घरी गोठा नाही, कोठारात गवत नाही, म्हणून आल्पवर त्याच्या नावे एकही गाय चढत नाही. नाव मात्र गावच्या वहीत आहे.